लाटांपलीकडे पोहोचणारे धातूचे आमिष

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर दरवर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात पहाटेच्या अंधारात पुळणींवर माणसांच्या रांगा दिसतात. कमरेपर्यंत जलरोधक पोशाख, हातात दहा फुटांची गळकाठी आणि तिच्या टोकाला लोंबणारा पन्नास-साठ ग्रॅम वजनाचा चकचकीत धातूचा तुकडा, असा त्यांचा सरंजाम असतो. ना नाव, ना जाळे, ना जिवंत आमिष. फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे हा तुकडा भिरकावायचा आणि लहान मासा पळत असल्याचा भास निर्माण करीत तो पुन्हा किनाऱ्याकडे ओढून आणायचा, एवढाच या मासेमारीचा गाभा आहे.

वरकरणी साधा वाटणारा हा छंद माशांच्या स्थलांतराचे, लाटांच्या रचनेचे आणि धातूच्या गुणधर्मांचे ज्ञान मागतो. त्याच्या इतिहासातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. हात जितका लांब पोहोचतो, तितकी त्याला मर्यादा घालण्याची गरज वाढते. किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्या एकट्या माणसाने समुद्राचे काय बिघडणार, हा समज या किनाऱ्यावर एकदा खोटा ठरला आहे आणि आज पुन्हा त्याची परीक्षा होत आहे.

मासा किनाऱ्याजवळ का येतो

या मासेमारीचे मुख्य लक्ष्य दोन जाती आहेत. पहिली स्ट्राइप्ड बास, म्हणजे रुपेरी अंगावर काळसर आडव्या रेघा असलेला मोठा मासा. दुसरी ब्लूफिश, म्हणजे निळसर-हिरवट पाठीचा आणि करवतीसारख्या धारदार दातांचा आक्रमक शिकारी. स्ट्राइप्ड बासचे जीवनचक्र बंगालच्या हिलशाची आठवण करून देणारे आहे. तो वाढतो समुद्रात, मात्र अंडी घालण्यासाठी वसंतात नद्यांच्या गोड्या पाण्यात शिरतो. अटलांटिक किनाऱ्यावरील बहुसंख्य स्ट्राइप्ड बासचा जन्म चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत होतो. हडसन आणि डेलावेअर या नद्याही त्याची जन्मस्थाने आहेत.

अंडी घालून झाल्यावर मोठे मासे किनाऱ्याच्या कडेकडेने उत्तरेला न्यू इंग्लंडपर्यंत जातात आणि शरद ऋतूत पाणी थंड होऊ लागले की दक्षिणेकडे परततात. याच सुमारास खाड्यांमध्ये वाढलेले लहान मासे, म्हणजे मेनहेडनची पिल्ले, अँकोव्ही, मलेट, थव्याथव्याने उघड्या समुद्रात उतरतात. वाळूत शिरून लपणारे सडपातळ सँड ईलही उथळ पाण्यात विपुल असतात. हिवाळ्यापूर्वी अंगात चरबी साठवण्याची शिकारी माशांची घाई आणि भक्ष्याची ही रेलचेल यांचा मेळ किनाऱ्यालगत बसतो. पुळण ही शिकाऱ्यासाठी भिंतीसारखी उपयोगी पडते. लहान माशांचा थवा उथळ पाण्याकडे रेटला की त्याला पळण्यासाठी एक दिशा कमी उरते. त्या वेळी पाण्याचा पृष्ठभाग उकळल्यासारखा होतो, वरून पक्षी झेपावू लागतात आणि एरवी खोल समुद्रात असणारा मोठा मासा किनाऱ्यावरील माणसाच्या टप्प्यात येतो.

तरीही तो टप्पा सोपा नसतो. अनेकदा ही धांदल किनाऱ्यापासून साठ-सत्तर मीटरवर, वाळूच्या बुडालेल्या दांड्याच्या बाहेरच्या अंगाला चाललेली असते. समोरून वारा असेल तर मऊ आमिष किंवा हलका लाकडी मासा निम्म्या वाटेतच पडतो. धातूचे महत्त्व येथे सुरू होते.

घनतेचे गणित

फेकलेली वस्तू किती दूर जाते, हे तिच्या वजनाइतकेच तिच्या आकारमानावर अवलंबून असते. हवेचा अवरोध वस्तूच्या समोरच्या पृष्ठभागावर काम करतो. पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडाचा पन्नास ग्रॅमचा तुकडा किमान पन्नास घनसेंटिमीटर जागा व्यापतो. तेवढ्याच वजनाच्या कथलाला सुमारे सातच घनसेंटिमीटर पुरतात, कारण कथलाची घनता पाण्याच्या सातपटींहून अधिक आहे. पोलाद आणि पितळ त्याहून किंचित जड, तर शिशाची घनता पाण्याच्या अकरापटींहून जास्त. म्हणूनच धातूचा आटोपशीर तुकडा वाऱ्याला छेदत जातो. सराईत हाताने तो सत्तर-ऐंशी मीटर सहज पार करतो आणि अनुकूल वाऱ्यात त्याहूनही पुढे जातो.

या पल्ल्यात उरलेल्या साहित्याचाही वाटा असतो. नऊ ते अकरा फुटांची काठी लांब तरफेप्रमाणे काम करते. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आलेल्या स्थिर चकतीच्या रिळांमुळे दोरा न गुंतता झपाट्याने सुटू लागला. पुढे १९९० च्या दशकात पॉलिइथिलीनच्या तंतूंपासून विणलेला दोरा आला. पूर्वीच्या तंगुसापेक्षा तो तेवढ्याच ताकदीला कितीतरी बारीक असतो, त्यामुळे हवेत आणि पाण्यात त्याचा अवरोध कमी होतो. मात्र हा दोरा घासला की लवकर तुटतो. म्हणून शेवटचे काही फूट जाड तंगूस जोडतात. ब्लूफिशचे दात लक्षात घेऊन काही जण तेथे बारीक तारही लावतात.

कथलाची परंपरा

धातूचे आमिष ही आधुनिक कारखान्यांची देणगी नव्हे. एकोणिसाव्या शतकात या किनाऱ्यावर काठीविनाच मासेमारी चाले. शिशाचा किंवा कथलाचा तुकडा दोरीला बांधून तो डोक्याभोवती गरगर फिरवायचा, लाटांवरून फेकायचा आणि दोरी हातावर हात टाकत भराभर ओढायची, अशी ती रीत होती. ब्लूफिशसारख्या वेगाने झडप घालणाऱ्या माशासाठी तेवढे पुरेसे होते.

त्याच काळात श्रीमंतांची मासेमारी निराळ्या थाटाची होती. न्यू यॉर्कच्या हौशी मच्छीमारांनी १८६४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कटीहंक बेटावर एक क्लब स्थापन केला. तेथे खडकांवरून समुद्रात काढलेल्या अरुंद मचाणांवर सभासद बसत आणि त्यांचे मदतनीस माशांना आकर्षित करण्यासाठी पाण्यात खाद्य टाकत. अशी मचाणे, मदतनीस आणि ताजे आमिष हा सर्वांच्या खिशाला परवडणारा प्रकार नव्हता. धातूच्या तुकड्याने ही अडचण दूर केली. साच्यात घरीच ओतता येणारे, वर्षानुवर्षे टिकणारे आणि खिशात मावणारे आमिष सामान्य माणसाच्या हाती आले.

कथील त्यात विशेष लोकप्रिय झाले. ते कमी उष्णतेवर वितळते, हाताने वाकवता येण्याइतके मऊ असते आणि शिशासारखे लवकर काळवंडत नाही. पाण्यात आमिष नीट डुलत नसेल तर मच्छीमार ते जागेवरच थोडे वाकवत आणि निस्तेज झाले की किनाऱ्याच्या ओल्या वाळूनेच घासून पुन्हा उजळवत. पुढे क्रोमचा मुलामा दिलेले पितळ, स्टेनलेस स्टील आणि पैलू पाडलेले शिसे आले. हिऱ्यासारख्या पैलूंमुळे ‘डायमंड जिग’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार आजही वापरात आहे. मूळ कल्पना मात्र तीच राहिली.

पुळण वाचण्याची विद्या

नवखा माणूस किनाऱ्यावर आला की शक्य तितक्या लांब फेकू पाहतो. जाणकार आधी काही काळ पाण्याकडे बघत उभा राहतो. सपाट भासणाऱ्या पुळणीखाली दांडे, घळी आणि खड्डे असतात आणि त्यांचा नकाशा लाटाच दाखवतात. जेथे लाट दूरवर फुटून पांढरी होते, तेथे खाली वाळूचा उथळ दांडा असतो. फुटलेली लाट जेथे पुन्हा शांत होऊन पुढे सरकते, तेथे दांडा आणि किनारा यांच्यामधील खोलगट पट्टा असतो. दांड्याला जेथे खिंड पडलेली असते, तेथून किनाऱ्यावर चढलेले पाणी जोराने परत समुद्रात जाते. तेथे लाटा फारशा फुटत नाहीत, पाणी गढूळ दिसते आणि फेस बाहेरच्या दिशेने वाहत असतो.

शिकारी मासा या खिंडीच्या तोंडाशी आणि खोल पट्ट्याच्या कडेला टपून बसतो, कारण प्रवाह लहान माशांना त्याच्यापुढे आणून सोडतो. ओहोटीच्या वेळी किनारा पाहून ठेवणे आणि भरती चढू लागली की त्या जागांवर गळ टाकणे, ही म्हणूनच जुनी शिस्त आहे. मासा कधीकधी अगदी पायाजवळच्या घळीत असतो. अशा वेळी लांब फेकणारा त्याच्या डोक्यावरून फेकत राहतो. धातूचे आमिष दूर जाते हा त्याचा गुण आहे, पण प्रत्येक वेळी दूर फेकणे हे कौशल्य नव्हे.

नेमक्या याच खिंडी माणसासाठी सर्वांत धोकादायक असतात. परतीचा प्रवाह उभ्या माणसाचे पाय उचलू शकतो. जलरोधक पोशाखात पाणी शिरले तर हालचाल कठीण होते. त्यामुळे पोशाखावर कमरेला घट्ट पट्टा बांधणे, शेवाळलेल्या खडकांवर खिळ्यांचे तळवे वापरणे आणि रात्री एकट्याने पाण्यात न उतरणे हे नियम अनुभवी मच्छीमार काटेकोरपणे पाळतात. फेकण्यापूर्वी मागे पाहणेही तितकेच आवश्यक असते. वेगाने सुटलेला, गळ लावलेला धातूचा तुकडा शेजारच्या माणसाला गंभीर इजा करू शकतो.

निर्जीव तुकड्यात प्राण

धातूला वास नसतो, चव नसते. तो माशाला फसवतो ते दृष्टी आणि हालचाल यांच्या बळावर. लहान माशाच्या अंगावरचे खवले कलताना क्षणभर चमकतात. जखमी किंवा घाबरलेला मासा अधिक वेडावाकडा पोहतो, म्हणून त्याची चमक अनियमित असते. धातूचा तुकडा ओढताना डावी-उजवीकडे डुलला आणि थांबवताच कलत खाली गेला की हाच भास निर्माण होतो. शिवाय पाण्यातील कंपने टिपणारी संवेदनरेषा माशाच्या दोन्ही बाजूंना असते. आमिषाच्या डुलण्याने होणारी थरथर ती जाणते.

ओढण्याचा वेग माशानुसार बदलतो. ब्लूफिश वेगवान भक्ष्याचा पाठलाग करतो, म्हणून त्याच्यासाठी रीळ भराभर फिरवावे लागते. स्ट्राइप्ड बासला संथ, अधूनमधून थांबणारी चाल अधिक भावते. सँड ईल तळाशी असतील तर आमिष वाळूला टेकू देऊन पुन्हा उचलतात, त्या वेळी उडणारी थोडी वाळूही उपयोगी पडते. आमिषाचा आकार त्या दिवशीच्या भक्ष्याशी जुळणे सर्वांत महत्त्वाचे असते. पाण्यात बोटभर लांबीचे सडपातळ मासे असताना तळहाताएवढा रुंद पत्रा टाकला तर तो दुर्लक्षित राहण्याची शक्यता अधिक. पहाट, सायंकाळ आणि ढगाळ दिवस या वेळा धातूला अनुकूल असतात. गडद अंधारात त्याची चमक निकामी होते, तेव्हा बरेच जण संथ पोहणारी लाकडी किंवा मऊ आमिषे वापरतात.

विपुलतेचा भ्रम

किनाऱ्याजवळ जमलेला थवा पाहणाऱ्याला समुद्र भरलेला वाटतो. प्रत्यक्षात सगळा समुद्र नव्हे, तर एका मोठ्या प्रदेशातील मासे अरुंद पट्ट्यात एकवटलेले असतात. संख्या घटत असतानाही जेथे मासे जमतात तेथे ते भरपूरच दिसतात. स्ट्राइप्ड बासच्या बाबतीत असेच घडले. या माशाची व्यावसायिक पकड १९७३ मध्ये सुमारे दीड कोटी पौंड, म्हणजे जवळपास ६,८०० टन होती. ती १९८३ पर्यंत ३५ लाख पौंडांवर, म्हणजे सुमारे १,६०० टनांवर घसरली. अतिरेकी मासेमारी आणि नव्या पिढीची अपुरी पैदास ही त्यामागची प्रमुख कारणे होती.

त्यानंतर अमेरिकी काँग्रेसने १९८४ मध्ये अटलांटिक स्ट्राइप्ड बास संवर्धन कायदा संमत केला. किनारी राज्यांच्या सामायिक मत्स्य आयोगाने ठरवलेले नियम जे राज्य पाळणार नाही, तेथे या माशाच्या पकडीवर पूर्ण बंदी घालण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. मेरीलँडने १९८५ ते १९९० या काळात पकड पूर्णपणे थांबवली. आयोगाने १९९५ मध्ये हा साठा पूर्ववत झाल्याचे जाहीर केले. मत्स्यव्यवस्थापनाच्या इतिहासात हे यश वारंवार सांगितले जाते.

मात्र ते कायमचे ठरले नाही. साठ्याच्या सखोल मूल्यांकनानंतर २०१९ मध्ये तो पुन्हा अतिरेकी मासेमारीच्या कक्षेत गेल्याचे स्पष्ट झाले. या वेळी पकडीत मोठा वाटा हौशी मच्छीमारांचाच होता. २०२० पासून समुद्रकिनाऱ्यावर दिवसाला एकच मासा आणि तोही २८ ते ३५ इंच, म्हणजे सुमारे ७१ ते ८९ सेंटिमीटर लांबीचा, असा नियम आला. २०१५ मध्ये जन्मलेली भक्कम पिढी या मापात येताच २०२२ मध्ये हौशी पकड आधीच्या वर्षाच्या जवळपास दुप्पट झाली. परिणामी २०२३ मध्ये तातडीने वरची मर्यादा ३१ इंचांवर, म्हणजे सुमारे ७९ सेंटिमीटरवर आणण्यात आली.

वरची मर्यादा असण्यामागे जीवशास्त्र आहे. स्ट्राइप्ड बास तीस वर्षांपर्यंत जगू शकतो आणि मोठी मादी लहान मादीच्या तुलनेत कितीतरी अधिक अंडी घालते. सर्वांत मोठा मासा घरी नेणे हा एकेकाळी अभिमानाचा विषय होता. आता तोच मासा पाण्यात राहणे सर्वाधिक मोलाचे मानले जाते. ब्लूफिशलाही असाच अनुभव आला. २०१९ मध्ये त्याचा साठा घटल्याचे दिसल्यावर किनाऱ्यावरील हौशी मच्छीमारासाठी दिवसाची मर्यादा २०२० मध्ये १५ माशांवरून तीनवर आणली गेली.

सोडलेला मासा जगतो का

नियमांमुळे आज पकडलेल्या बहुतेक स्ट्राइप्ड बासना परत सोडावे लागते. परंतु सोडलेला प्रत्येक मासा वाचत नाही. आयोगाच्या गणितात हौशी मच्छीमारांनी सोडलेल्या माशांपैकी नऊ टक्के मरतात असे गृहीत धरले जाते. प्रमाण लहान वाटले तरी सोडल्या जाणाऱ्या माशांची संख्या कोटींच्या घरात असल्याने एकूण मृत्यूंमध्ये या वाट्याचे वजन मोठे ठरते.

येथे धातूच्या आमिषाची एक जमेची बाजू आहे. नैसर्गिक आमिष मासा गिळतो आणि गळ घशात किंवा पोटात रुतू शकतो. म्हणूनच स्ट्राइप्ड बाससाठी नैसर्गिक आमिष वापरताना ओठातच अडकणारा वर्तुळाकार गळ २०२१ पासून बंधनकारक आहे. धावत्या धातूवर मासा झडप घालतो, तेव्हा गळ बहुधा जबड्याच्या कडेला लागतो. तरीही तीन तोंडांचा गळ डोळ्याला किंवा कल्ल्याला इजा करू शकतो. त्याऐवजी एकच गळ लावणे आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकणे, हा सोपा उपाय अनेकांनी स्वीकारला आहे. माशाला कोरड्या वाळूवर फरफटत न आणणे, ओल्या हातांनी धरणे, छायाचित्रासाठी पाण्याबाहेर ताटकळत न ठेवणे आणि उन्हाळ्यात पाणी तापलेले असताना त्याला फार वेळ झुंजवत न ठेवणे, यांवर त्याचे जगणे अवलंबून असते.

भारतीय किनाऱ्यासाठी अर्थ

भारतात पुळणीवरील मासेमारीची परंपरा प्रामुख्याने जाळ्यांची आहे. कोकण आणि गोव्यातील रापण तसेच फेकजाळे, म्हणजे पाग, ही तिची परिचित रूपे. काठी आणि धातूचे आमिष घेऊन ट्रेव्हली, क्वीनफिश किंवा बॅराकुडा यांच्या मागे लागणारे हौशी मच्छीमार आता कोकण, गोवा, केरळ आणि अंदमानच्या किनाऱ्यांवरही दिसतात. तारली, पेडवे, मांदेली यांचे थवे किनाऱ्याला लागले की त्यांच्यामागून शिकारी मासे येतात. तत्त्व अटलांटिकमधलेच आहे. उलटा काटा नसलेला गळही देशाला नवा नाही. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर काठीने ट्यूना पकडण्याच्या जुन्या पद्धतीत असाच गळ वापरतात, कारण त्यातून मासा झटक्यात सुटतो आणि गळ लगेच पुन्हा पाण्यात जातो.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या पावसाळी बंदीचा भर यांत्रिक नौकांवर आहे. केरळने २०१५ मध्ये आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पकडण्यायोग्य माशांची किमान लांबी ठरवून दिली. महाराष्ट्राच्या यादीत ५४ जाती आहेत. हे नियम मुख्यतः जाळी आणि बाजार डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत. किनाऱ्यावर काठी घेऊन उभ्या असलेल्या माणसाची संख्या आज थोडी आहे. त्यामुळे त्याची मर्यादा तूर्त त्याच्या विवेकावर आहे.

अमेरिकेत स्ट्राइप्ड बासचा साठा २०२९ पर्यंत पूर्ववत करण्याचे उद्दिष्ट आहे. मात्र चेसापीकच्या मेरीलँड भागात १९५४ पासून दरवर्षी होणाऱ्या पिल्लांच्या मोजणीत २०१९ नंतर सातत्याने अल्प संख्या आढळत आहे. २०२३ चा निर्देशांक अवघा १.० होता, तर दीर्घकालीन सरासरी ११ च्या आसपास आहे. अपुऱ्या पैदाशीचा हा प्रश्न मच्छीमारांच्या हातात नाही. जन्मलेल्या माशांपैकी किती जणांना मोठे होऊ द्यायचे, एवढेच त्यांच्या हातात आहे. दोन-तीन वर्षांची पिल्ले अंडी घालण्याच्या वयाची होण्यास आणखी काही वर्षे जावी लागतात आणि तोवर प्रत्येक शरद ऋतूत त्यांना याच पुळणींसमोरून, याच धातूच्या तुकड्यांच्या टप्प्यातून जायचे असते.